आधी काय काढून घेऊ, युसूफ?

युसूफ,

तुला मिट्टी द्यायला आलो तेव्हा जमीन बोलली.

कबरस्तानात आम्ही रांगेनं पुढं सरकत होतो. माझी पाळी आली, मी वाकून मूठभर माती घेतली आणि तेवढ्यात तो आवाज आला. आधी पायांना कळला, मग कानांना. दगडांनी भरलेला टिप्पर कुणीतरी लांब कुठंतरी रिकामा करावा तसा, पण वरून नाही, खालून. बाभळीवरचे सगळे पक्षी एकदम उडाले. हातात माती घेतलेली माणसं होती तशीच थांबली. कुणी पळालं नाही, मिट्टी देताना कोण पळणार? पण कुणी कुणाकडं बघितलंही नाही. आवाज विरला. मग तुझा चुलतभाऊ माझ्यामागून हळूच म्हणाला, "आता ह्याची नोंद कोन घेनार?"

मी माती टाकली आणि बाजूला झालो. तिथंच ठरवलं की तुझ्याशी एकदा सविस्तर बोलायचं. तेव्हापासून तर बरंच काही झालंय आणि त्यातलं निम्मं तरी तुला कळायला हवं होतं.

आपल्याकडं हे आवाज नवे नाहीत. औंढ्यापासून वसमत-कळमनुरीपर्यंत कितीतरी गावांत लोक त्यांच्यासोबतच म्हातारे झाले. भांडी वाजतात, पत्रे थरथरतात, गाई दावं ओढतात, मग सगळं शांत होतं. साहेब लोक येतात, यंत्रं ठेवतात, घाबरू नका पण सावध राहा म्हणतात, आणि खरं तर त्यांनी तरी दुसरं काय सांगावं? तुझं गाव ह्याच रांगेतलं. पण आवाज जपून ठेवणारा तू एकटाच.

मंडप-लाऊडस्पीकरचा धंदा तुझा. ते सुरू कसं झालं हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मला वाटतं मीही तिथं होतो. गावातल्या एका लग्नात आहेराची नावं पुकारून झाली होती. माइकचा स्टँड ओट्याच्या दगडावर तसाच उभा होता आणि एकदम स्पीकरमधून गुरगुर आली. तुला वाटलं, ॲम्प्लिफायर गेला. तू वायर काढायला धावलास, आणि मग मांडवातली माणसं उठून उभी राहिली, कारण आता ते त्यांनाही कळलं होतं. "सुधाकर," तू मला म्हणाला होतास, "माइकला आपल्या आधी कळलं रे. त्या दगडातून." त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तू एक जुना माइक पोत्यात गुंडाळून तुझ्या कोरड्या विहिरीत सोडलास. तिथून घरापर्यंत वायर ओढलीस आणि माझ्याकडून एक जुना कॉम्प्युटर घेऊन गेलास. तेव्हा शमीमवहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "आता हे जमिनीशी बोलणार. माझ्याशी बोलायला टाइम न्हाई."

मी हसलो होतो. मी औंढ्यात दुकान लावून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस, मला ते खूळ वाटलं. पण तू थांबला नाहीस. वहिनी गेल्या तरी थांबला नाहीस. उलट वाढवलंस. दर महिन्याला कॅमेरा घेऊन गावभर फिरायचास. कुणाच्या उंबऱ्याजवळची फट, कुणाच्या चुलीमागची भेग, आणि सगळ्यात जास्त ती शाळेची जुनी दगडी खोली. फळ्याच्या बाजूच्या भिंतीला वरून खाली गेलेली ती भेग. तिथं फूटपट्टी आडवी धरायचास आणि फोटो काढायचास. तीच जागा, तीच फूटपट्टी.

लोकांना ते आवडत नव्हतं हे मला माहीत आहे. मी तुझ्यासोबत एकदा पारावर बसलो होतो तेव्हा दत्तराव, ज्यांच्या दोन मुली लग्नाच्या आहेत, तुझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"युसूफभाई, तुमी हे फोटो काढून कुठं धाडून राहिले?"

"कुठंच न्हाई. ठिवून राहिलो."

"ठिवू बी नका. लोकाला कळलं तर ह्या गावाशी सोयरीक कोन करंल? आमच्या पोरींचं काय?"

तू म्हणालास, "दत्तराव, तुमचा धाकटा त्याच खोलीत बसतो ना?" ते निघून गेले. पण जाताना त्यांनी तुझ्या कॅमेऱ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. घरी जाताना तू म्हणालास, "त्याचं बी बराबर हाय." मला तुझा राग आला होता. सगळ्यांचंच बराबर म्हणत राहिलास तू आयुष्यभर.

मग तो दिवस. तू टेम्पो माझ्या दुकानासमोर लावलास आणि गोधडीत गुंडाळलेलं ते कॉम्प्युटरचं मशीन आजारी लेकरासारखं छातीशी धरून आत आलास.

"सुध्या, आवाज करून राहिलं हे."

मी वायर लावली. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, टक्. डिस्कचा तो आवाज ज्यानं एकदा ऐकला त्याला पुन्हा ओळखावा लागत नाही. आतली सुई जागा शोधत असते आणि तिला ती सापडत नसते. पडद्यावर अक्षरं आली, डिस्कमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करायचा का? तुझं बोट लगेच बटणाकडं गेलं. मी तुझा हात धरला.

"काहून?" तू म्हणालास. "तेच म्हणून राहिलं ना, दुरुस्त करू का म्हणून?"

"दुरुस्ती नंतर. आधी आत जे हाय ते बाहेर काढू. दुसऱ्या डिस्कवर कॉपी. मंग हिला हात लावू."

"किती वेळ लागंल?"

"ते हिच्यावर हाय. आज, उद्या, परवा. न्हाई तर मधीच बसंल."

"परवा जिल्ह्याहून इंजिनिअर मॅडम येऊन राहिल्या, शाळा बघायला. मला फोटो लागतेत. तू दुरुस्त करून दे, मी घरी नेतो, कॉपी निवांत करू."

"युसूफ, दुरुस्तीचं बटण दाबलं की ती डिस्कवर लिहायला लागती. जिथं वाचता येईना तिथं पुसून पुढं जाती. हिचा आधीच जीव चाललाय. मशीन चालू होईल, पन तुझे फोटो असतील का न्हाई, मी सांगू शकत न्हाई."

तू चिडलास. म्हणालास, तुम्हा दुकानदारांना लोकांचं सामान अडकवून ठेवायला आवडतं. मीही चिडलो. म्हणालो, मग जा घेऊन, पण पुढच्या वेळी रडत येऊ नकोस. समोरचा झेरॉक्सवाला बघायला लागला. तू मशीन उचललंस, दारापर्यंत गेलास, आणि तिथंच उभा राहिलास. बाहेर नागनाथाला आलेल्या लोकांची गर्दी होती, नारळवाले ओरडत होते. तू परत आलास आणि मशीन टेबलावर ठेवलंस. गोधडीची घडी घातलीस, मांडीवर घेऊन बसलास. "कर," म्हणालास.

मी डिस्क बाहेर काढली, माझ्या मशीनला जोडली. तापू नये म्हणून टेबलफॅन तिच्याकडं वळवला. आणि तुला तो प्रश्न विचारला, जो अशा वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावा लागतो. सगळं येईल असं धरून चालायचं नाही. मधेच बसली तर बसली. तेव्हा आधी काय काढून घेऊ?

तू विचारही केला नाहीस. "शाळा."

शाळेचे फोटो यायला लागले. एकामागून एक, लहान लहान चौकोनात. फूटपट्टी तीच, भिंत तीच. मी ओळीनं बघत गेलो. आधी भेग म्हणजे केसाएवढी रेघ होती. मग पेन्सिलीएवढी. मग मधे काळं दिसायला लागलं. शेवटच्या फोटोंत फूटपट्टी भिंतीत शिरत चाललीय असं वाटत होतं. एका फोटोत खाली बाकावर कुणाचं तरी दप्तर राहिलेलं होतं. डिस्क टक् करून थांबायची, तुझे डोळे मिटायचे, मग ती पुन्हा चालू व्हायची.

शाळा आली. सगळी आली. मी विचारलं, "आता?"

"विहिरीतले आवाज."

आणि इथंच आपलं भांडण झालं, युसूफ. ते अजून मिटलेलं नाही.

त्या डिस्कवर शमीमवहिनींचा आवाज होता, हे मला माहीत होतं. वेगळा ठेवलेला नव्हता. माइक बरोबर चालतो का बघायला तू घरात काहीबाही रेकॉर्ड करायचास, त्यात त्या मागून बोलायच्या. त्या फायली मंडपाच्या हिशोबात, गाण्यांत, कुठं कुठं विखुरलेल्या होत्या. त्या शोधायच्या तर डिस्कला इकडून तिकडं धावावं लागणार होतं. तरी मी म्हणालो, "वहिनींचं आधी घेऊ. जमीन उद्या बी बोलंल. वहिनी बोलणार न्हाई."

तू गोधडीकडं बघत बसलास.

"तिचं मला पाठ हाय," तू म्हणालास. "जमिनीचं पाठ न्हाई. ते आधी घे."

"अरे पण कशाला? शाळेचे फोटो मिळाले ना? आवाज कोन ऐकनार?"

"कुनीतरी ऐकंल ना कधी. वाढत चाललेत ते. मला दिसून राहिलं. कुनाला तरी नंतर लागतील." मग एकदम आवाज चढवून, "सुध्या, माझी बायको का तुझी?"

मी आवाज घ्यायला लागलो. बरेच आले. जुने सगळे आले, गेल्या वर्षीचे थोडे आले. मग डिस्कनं सलग टक् टक् टक् केलं आणि ती फिरायची थांबली. नुसता पंख्याचा आवाज राहिला. मी वायर काढून पुन्हा लावली. काही नाही.

"झालं?" तू विचारलंस.

"झालं."

तू डिस्क हातात घेतलीस. गरम होती ती. गार होईपर्यंत तू ती तळहातावर धरून ठेवलीस आणि मग माझ्याकडं दिलीस. चहा आणला होता तो तसाच राहिला.

मॅडम आल्या त्या दिवशीच्या गावसभेचं तुला सांगायला नको, तू होतास. पण मी तुझ्याकडं बघत होतो ते तुला ठाऊक नाही. माझ्या लॅपटॉपवर मी ते फोटो एकामागून एक दाखवले. इंजिनिअर मॅडमनी दोनदा पुन्हा पहिल्यापासून बघितले, मग उठून शाळेत गेल्या, भिंतीला हात लावला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "ही खोली आजपासून बंद." दत्तराव उठले. म्हणाले, हा माणूस सगळ्या गावाला बदनाम करून राहिला, उद्या शाळा उचलून दुसऱ्या गावात नेली तर जबाबदार कोन? चार-पाच जणांनी त्यांची री ओढली. एकानं तर म्हटलं की ह्यानं माइक टाकल्यापासूनच आवाज वाढलेत. तू टोपी नीट केलीस आणि उठून चालायला लागलास. मला वाटलं, तू रागानं घरी गेलास. थोड्या वेळानं तू टेम्पो घेऊन आलास आणि मंदिराच्या सभामंडपात तुझ्या मंडपाचे पडदे बांधायला लागलास, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून वर्ग तिथं भरवता यावेत. लग्नातले गुलाबी पडदे. शाळेच्या बाई दोरी धरायला आल्या. दत्तराव लांबून बघत राहिले.

त्यानंतर आपण फक्त फोनवर बोललो. मी पुण्यात एका माणसाशी बोललो होतो, जो मेलेल्या डिस्क उघडून बघतो. तो म्हणाला, प्रयत्न करतो, खात्री नाही, आणि एकदा उघडली की ती कायमची गेली असं समजा. तुला सांगितलं. तू म्हणालास, "ठिवून दे. सांगतो मंग." मी म्हणालो, कधी? तू म्हणालास, "सांगतो म्हनलं ना." मागून टेम्पोचा हॉर्न वाजत होता. हे आपलं शेवटचं बोलणं, आणि तेही असं अर्धवट.

नरसीला कीर्तनाचा मंडप होता. भर दुपारी, स्पीकर बांधून झाल्यावर तू टेम्पोच्या चाकाला टेकून सावलीत बसलास. तिथल्या लोकांना वाटलं डोळा लागला. चहा घेऊन आलेल्या बाईंनी दोनदा हाक मारली. मला फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी कीबोर्डमध्ये सांडलेला चहा पुसत होतो, आणि मला कळल्यावरही मी तो पुसतच राहिलो.

आता तुला जे माहीत नाही ते.

तुला माती दिली त्याच आठवड्यात शाळेच्या बाईंचा फोन आला. नुसतं "भाऊ, भाऊ" म्हणत होत्या, पुढं बोलताच येईना. मला वाटलं, गेलं सगळं. मग म्हणाल्या, "भाऊ, भिंत पडली. फळ्याची बाजू सगळी. वर्ग चालू होता, पन आमी इकडं, मंदिरात." मी तसाच मोटारसायकलवर निघालो.

तिथं मोठा आवाज झाला नव्हता म्हणे. जमिनीनं थोडीशी गुरगुर केली, रोजच्यासारखी, रोजच्याहून कमीच. आणि भिंत बसली. दगड थेट मागच्या बाकांपर्यंत आले होते. दोन बाक असे चेपले होते की ते बाक होते हे सांगावं लागत होतं. छपराचा पत्रा अर्धा लोंबत होता, वाऱ्यानं हलत होता. पोरं मंदिराच्या पायऱ्यांवर एका ओळीत उभी होती, त्यांना कुणी पुढं येऊ देत नव्हतं, आणि पोरंही यायला मागत नव्हती. इतकी लेकरं एका जागी आणि एकही आवाज नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

दत्तराव तिथंच होते. एकटेच दगड बाजूला करत होते, काही कारण नसताना. त्यांचा धाकटा आईच्या कडेला चिकटलेला. मला बघून ते थांबले. त्यांच्या हातातला दगड तसाच होता.

"युसूफभाईच्या घरचं कोन हाय आता?" त्यांनी विचारलं.

"रेहाना. मुलगी. वसमतला दिलीय."

ते मग दगड खाली ठेवून म्हणाले, "मी जाऊन येतो." गेले का नाही, मी विचारलं नाही. तू असतास तर त्यांचंही बराबर म्हणाला असतास. आता मलाही त्याचा राग येत नाही.

गावाला अजून भीती आहे, युसूफ. जास्तच आहे. भिंत पडली म्हणून खालचं थांबलेलं नाही. परवा मंदिराच्या खांबाला कुणीतरी बारीक रेघ दाखवली. ती जुनी आहे का नवी, हे सांगणारं कुणी नाही. तुझे फोटो चाळून बघितले, तो खांब तू कधी घेतला नव्हतास. तुझ्या विहिरीतला माइक तसाच लोंबतोय. मी वाकून बघितलं, वायर खाली अंधारात जाते आणि वरचं टोक तुझ्या रिकाम्या टेबलावर पडलंय.

काल रेहाना दुकानात आली. तुझं मशीन परत न्यायला. मी तिला सगळं सांगितलं, लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आधी शाळा, मग आवाज, मग अम्मी. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अम्मी तिसऱ्या नंबरवर?"

मी मान डोलावली.

"काका, मला अम्मीचा आवाज आठवत न्हाई. मी लहान होते. अब्बाला पाठ होतं म्हनले, पन अब्बा गेले. आता कुनाला पाठ हाय?" तिचे डोळे कोरडे होते आणि ते मला जास्त जड गेलं. "भिंत पडली, पोरं वाचली, मला सगळं समजतं. तरी मला राग येऊन राहिला अब्बाचा."

"येऊ दे," मी म्हणालो. "मला बी येतो."

डिस्क मी तिच्यासमोर ठेवली. पुण्याच्या माणसाचं जे होतं ते सांगितलं, हो म्हणायचं का नाही हे आता तिनं ठरवायचं. तिनं ती उचलली, कानाशी नेली, हलवून बघितली. मग पिशवीत ठेवली. "बघते," म्हणाली. अगदी तुझ्यासारखी.

निघताना तिनं दारात वळून विचारलं, "तुमी ऐकलं होतं का कधी? अम्मी काय म्हनायची त्याच्यात?"

ऐकलं होतं. ज्या दिवशी तू माझ्याकडून ते मशीन पहिल्यांदा घरी नेलंस, त्याच दिवशी तुझ्या घरी येऊन मी साउंड लावून दिला होता, तेव्हा तू मला एक फाइल ऐकवलीस. सुरुवातीला तू हॅलो हॅलो करतोस, एक दोन तीन म्हणतोस. मग मागून वहिनी.

मी रेहानाला ते सांगायला लागलो आणि मला कळलं की नुसतं सांगून होणार नाही. माझा आवाज घोगरा, तोंडात तंबाखू, समोर झेरॉक्सवाला बघतोय. तरी मी तंबाखू थुंकून आलो, खुर्चीवर नीट बसलो आणि वहिनी जशा म्हणायच्या तसं, 'जी'वर जोर देऊन आणि शेवटी ओढत म्हणालो, "ओ जी... तुमचं हॅलो हॅलो झालं असंल तर भाकर खाऊन घ्या, रेहाना ताटावर बसून झोपून राहिली..."

ती दारात तशीच उभी होती. तिचं नाव त्यात आहे हे तिला माहीत नव्हतं.

"अजून एकदा म्हना, काका," ती म्हणाली. मी म्हणालो.